लेकरांच्या हाती कोणता इतिहास?

मुलांना घरी जगाचा इतिहास शिकवायचा आहे, तर कोणती ख्रिस्ती पुस्तके घ्यावीत, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील पालक अलीकडे विचारू लागले आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा घराघरांतले आईबाप नाइलाजाने शिक्षक झाले. त्यांतल्या काहींना त्या कामाची गोडी लागली. मुलाला शाळेतून काढून पूर्णपणे घरीच शिकवणारी कुटुंबे आपल्यात अगदी विरळ. पण सुट्टीत, संध्याकाळी किंवा रविवारच्या धर्मशिक्षणाला जोड म्हणून इतिहास सांगू पाहणारी घरे थोडी नाहीत. कोणाचा भाऊ आखातात असतो, कोणाची बहीण अमेरिकेत. तिकडून पुस्तकांचा संच येतो. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, मुखपृष्ठावर क्रूस! बल्लारपूरच्या एखाद्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरात तो संच आला की शेजारीपाजारी कौतुकाने पाहतात आणि 'आम्हालाही मागवून द्या' म्हणतात.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे, आणि ते अनेकांना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. परदेशातील ख्रिस्ती घरशाळांसाठी रचलेले इतिहासाचे संच आपल्या सहा-आठ वर्षांच्या मुलांच्या हाती मुख्य पुस्तक म्हणून देऊ नयेत. ती पुस्तके ख्रिस्ती आहेत म्हणून निर्धोक आहेत, हा समज भाबडा आहे. ज्या मातीत आपण राहतो तिच्यातून आपल्याच मुलांना उपटण्याचे काम ती नकळत करतात, आणि हे काम आपण स्वतः पैसे मोजून करवून घेतो.

पालकांच्या अधिकाराविषयी आमचा वाद नाही. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईबापच होत, हे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र त्याच दिवशी त्याच परिषदेने आणखी एक घोषणापत्र प्रसिद्ध केले, हे आपण विसरतो. ते होते इतर धर्मीयांशी असलेल्या ख्रिस्तसभेच्या नात्याविषयी. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. एकाच दिवसाची ही दोन पत्रे एकत्र वाचावीत. घरी शिकवण्याचा अधिकार ज्या ख्रिस्तसभेने आपल्याला दिला, तिनेच शेजाऱ्याकडे डोळे उघडून पाहण्याचे कर्तव्यही आपल्यावर सोपवले आहे.

या संचांची बरी बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी ठरेल. इतिहास गोष्टीरूपाने सांगावा, लहान मुलाला तारखांचे पाठांतर करायला लावण्याआधी माणसे भेटवावीत, भिंतीवर काळाची पट्टी लावावी, हे त्यांचे तंत्र उत्तम आहे. सुसान वाइज बावर यांची 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड' ही चार भागांची माला तर प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत क्रमाने जाते आणि मोहेंजोदडो व मौर्यांनाही जागा देते. तंत्र घ्यावे, त्याला आमची ना नाही. आमचा आक्षेप आहे तो आशयाला, विशेषतः 'ख्रिस्ती' हे बिरुद मिरवणाऱ्या आशयाला.

पहिला आक्षेप पृथ्वीच्या वयाचा. अमेरिकेतील घरशाळांत मोठ्या प्रमाणावर चालणारे अबेका किंवा बॉब जोन्स विद्यापीठाचे संच हे प्रॉटेस्टंट मूलतत्त्ववादी परंपरेतील आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस म्हणजे घड्याळाचे सहा दिवस आणि पृथ्वी अवघ्या काही हजार वर्षांची, हे त्यांचे गृहीतक. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींची बेरीज करून जगाची निर्मिती इ. स. पू. ४००४ मध्ये झाली असे ठरवले. त्या विचाराची सावली या पुस्तकांवर अजून आहे.

आता हे पुस्तक कोणत्या गावात उघडले जात आहे ते पाहा. बल्लारपूरच्या परिसरात ज्या मुलांचे वडील कोळशाच्या खाणीत पाळीवर जातात, त्यांच्या घरात! हा कोळसा ज्या वनस्पतींचा झाला त्या २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेल्या. त्या काळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकाच महाखंडाचे भाग होते. त्या महाखंडाला एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने १८८५ साली जे नाव दिले ते आपल्या गोंड शेजाऱ्यांच्या मुलखावरून आलेले : गोंडवन! आपल्याकडच्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या मृतदेहांजवळ त्यांनी शेवटपर्यंत ओढत आणलेले सुमारे १६ किलो दगड सापडले. त्या दगडांत याच ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. आठ वर्षांच्या मुलाला सांगायला याहून थरारक गोष्ट कोणती? बापाच्या खाणीपासून अंटार्क्टिकापर्यंत एका पानाचा धागा जातो. आणि आपण त्याच्या हाती पुस्तक देणार सहा हजार वर्षांच्या पृथ्वीचे?

कोणी म्हणेल, श्रद्धेचा प्रश्न आहे. नाही, कॅथोलिक श्रद्धेचा हा प्रश्नच नव्हे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी इशारा देऊन ठेवला आहे की ख्रिस्ती मनुष्य निसर्गाविषयी अज्ञानाने बोलू लागला तर ऐकणारे पवित्र शास्त्रालाच हसतील. बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाला मोकळीक दिली. दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांतीचा सिद्धांत हा केवळ तर्क राहिलेला नाही असे सांगितले. विश्व प्रसरण पावत आहे हा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते. आपल्या परंपरेत इतके असताना दुसऱ्या पंथाची भीती आपण उसनी का घ्यावी? ते मूल पुढे नववी-दहावीत विज्ञान शिकेल तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा उरतील : शिक्षक खोटे की आईबाप खोटे. या पेचात अनेकदा श्रद्धेचाच बळी जातो.

दुसरा आक्षेप नकाशाचा. 'आम्ही कॅथोलिक संच घेऊ, मग तर झाले?' असे काही पालक विचारतात. व्हर्जिनियातील सेटनसारख्या संस्था १९८० पासून कॅथोलिक घरशाळांसाठी पुस्तके पुरवतात, आणि त्यांत निर्मितीविषयीचे वाद कदाचित वेगळ्या रीतीने येतील. परंतु असल्या संचांचा ओघ सहसा ठरलेला असतो. गोष्ट जेरुसलेमहून रोमला जाते, रोमहून पॅरिस-लंडनला, तेथून जहाजात बसून अमेरिकेला पोहोचते आणि तेथेच मुक्काम करते. भारत येतो तो १४९८ मध्ये, वास्को द गामाच्या शिडाखाली. म्हणजे ख्रिस्ताची वार्ताही आपल्याकडे युरोपच्या गलबतातून आली, असे मूल शिकते.

नेमका हाच आरोप आपल्यावर बाहेरून होत असतो. तुमचा धर्म परका, तुमची निष्ठा परकी! त्या आरोपाचे पाठ्यपुस्तक आपणच आपल्या घरात आणावे काय?

बल्लारपूरच्या पालकांना तर हे मुळीच शोभत नाही, कारण आपण ज्या धर्मप्रांतात राहतो तोच या आरोपाला उत्तर आहे. चांदा हे केरळबाहेर सिरो-मलबार ख्रिस्तसभेला मिळालेले पहिले मिशनक्षेत्र. १९६२ साली ते सी.एम.आय. धर्मसंघाकडे सोपवले गेले आणि १९७७ साली धर्मप्रांत झाले. त्याचे महामंदिर बल्लारपुरात आहे आणि ते प्रेषित संत थॉमस यांच्या नावाचे आहे. ज्या परंपरेने आपली वार्ता संत थॉमसपासून मोजली, ती रोमन साम्राज्य ख्रिस्ती होण्याआधीची स्मृती जपते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने मलबारात ख्रिस्ती लोक असल्याचे आणि 'कल्लियाना' येथे इराणातून नियुक्त झालेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. अनेक अभ्यासक हे कल्लियाना म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण मानतात. म्हणजे पोर्तुगीज वसईत येण्यापूर्वी हजार वर्षे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बिशप होता! चीनमधील शिआन येथे ७८१ साली उभारलेला शिलालेख सांगतो की ६३५ मध्ये अलोपेन नावाचा पूर्व सिरियाई धर्मोपदेशक तेथे पोहोचला होता. इथिओपिया आणि आर्मेनिया चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाले होते. जगाचा ख्रिस्ती इतिहास पूर्वेकडेही असा पसरला आहे. तो ज्या पुस्तकात नाही, ते पुस्तक 'विश्व' हा शब्द मुखपृष्ठावर छापण्यास पात्र नाही. कॅथोलिक या शब्दाचा अर्थच मुळी सार्वत्रिक असा आहे.

आणि पूर्वेची ही गोष्ट सांगायची तर तिच्यातील वेदनाही सांगावी लागेल. १५९९ साली उदयंपेरूरच्या सभेत आर्चबिशप मेनेझिस यांनी थॉमस ख्रिस्ती लोकांवर लॅटिन रीत लादली आणि त्यांचे सिरियाई ग्रंथ जाळले गेले. त्यातून १६५३ मध्ये मट्टानचेरी येथील क्रूसाजवळ शपथ घेतली गेली आणि ख्रिस्तसभा दुभंगली. कॅथोलिकांनीच कॅथोलिकांच्या बंधूंशी असे वागावे? होय, असे घडले. गोव्यात धर्मन्यायालय १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडून, चालले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. आणि त्याच गोव्यात, १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने मराठी भाषेवर जीव ओवाळून टाकला आणि १६१६ साली राशोल येथे 'क्रिस्तपुराण' छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते मराठी महाकाव्य! एकाच भूमीत, एकाच शतकाच्या अंतरात भाषेची पूजा करणारेही ख्रिस्ती होते आणि तिला बंदी घालणारेही. मुलांना हे दोन्ही सांगावे.

येथे पालक आम्हांस अडवतात. 'मुले लहान आहेत. त्यांना संतांच्या गोष्टी सांगाव्यात, काळ्या गोष्टी कशाला?' लहान मुलाला छळाची वर्णने सांगावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'आपल्या माणसांनी चूक केली आणि नंतर क्षमा मागितली' हे वाक्य सहा वर्षांच्या मुलालाही कळते. ते रोज घरात तसे करत असते. १२ मार्च २००० रोजी दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांसाठी देवाची जाहीर क्षमा मागितली. पोपमहोदयांना जे जगापुढे उच्चारता येते ते आपल्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात उच्चारता येऊ नये? जे मूल ही गोष्ट आईच्या तोंडून प्रेमाने ऐकते, ते पुढे कोणी ती द्वेषाने तोंडावर फेकली तर डगमगत नाही. जे मूल ऐकत नाही, त्याला त्या दिवशी वाटते की आईने आपल्याला फसवले.

तिसरा आक्षेप शेजाऱ्याचा, आणि आम्हांस तो सर्वांत गंभीर वाटतो. परदेशी संचात कोलंबस असतो, यात्रेकरूंचे जहाज असते, पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतकारांच्या गाड्या असतात. त्यांतील अनेक पुस्तके ही कथा गाडीत बसलेल्यांच्या डोळ्यांनी सांगतात. जंगल ज्यांचे होते ते वाटेतला अडथळा म्हणून येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमुलखात हे पुस्तक वाचणाऱ्या ख्रिस्ती मुलाने आपल्या शेजारच्या गोंड-माडिया मुलाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? आणि वाचणारे मूलच आदिवासी असेल तर? आपल्या धर्मग्रामात केरळहून आलेली कुटुंबे आहेत, तेलुगू आहेत, मराठी आहेत, आदिवासी आहेत. या सर्वांना एकाच बाकावर बसवणारा इतिहास व्हर्जिनियात लिहिला जाणार नाही. तो येथेच लिहावा लागेल.

त्याची सामग्री पायाशी पडली आहे. हे गाव ज्या बल्लाळशाहाचे नाव वागवते तो गोंड राजा होता. वर्धा नदीकाठी त्याचा किल्ला अजून उभा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी चांद्याचा कारभार राणी हिराईने सांभाळला. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये इंग्रजांकडे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या कारागृहात फाशी दिले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली. जातीचा जाच सोडून माणसे एका रात्रीत का उठली, हे ख्रिस्ती मुलाने समजून घ्यायलाच हवे; आपल्याही बाकांवर जात कधीकधी चोरपावलांनी येऊन बसते, हेही त्याला एक दिवस कळणारच आहे.

पालकांचा आणखी एक युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे आणि आम्ही तो हलका मानत नाही. शालेय पुस्तके बदलत आहेत, असे ते म्हणतात. २०१७ साली राज्याच्या सातवीच्या पुस्तकातून मोगलांचा बराच भाग आटला. २०२३ मध्ये केंद्रीय पुस्तकांतूनही काही प्रकरणे गाळली गेली. मुलाला एकच बाजू कळेल, म्हणून घरी आपली ढाल हवी. भीती खरी आहे. मात्र एका गाळलेल्या इतिहासाला दुसरा गाळलेला इतिहास हे उत्तर नव्हे. आपल्या मुलांनी चौथीत पिढ्यानपिढ्या शिवचरित्र वाचले. ते अभिमानानेच वाचावे. त्याला घरी एक जोड द्यावी. १६६४ मध्ये सुरतेवर छापा पडला तेव्हा फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूंचे निवासस्थान महाराजांनी सुरक्षित ठेवले, ही हकीकत फ्रेंच प्रवासी बर्निये यांनी नोंदवली आहे. शाळेच्या पुस्तकाशी भांडण न करता मूल त्यात स्वतःची जागा शोधते, ते असे.

इंग्रजीचा मोह राहिला. 'संच इंग्रजीत आहे, भाषा तरी सुधारेल.' इंग्रजी शिकवायला इंग्रजीची पुस्तके आहेत. इतिहास ही आठवण असते, आणि लहान मूल आठवण ठेवते ती आजीच्या भाषेत; ती भाषा मराठी असो, मलयाळम असो, तेलुगू असो की गोंडी. मन्नानम येथे १८४६ साली संस्कृत पाठशाळा काढणारे आणि प्रत्येक मंदिराजवळ शाळा हवी असा आग्रह धरणारे संत कुरियाकोस एलियास चावरा हे सी.एम.आय. धर्मसंघाचे संस्थापक. ज्यांच्या वारसदारांनी आपल्याकडे सुवार्ता आणली, त्यांना देशी भाषेची लाज वाटली नव्हती.

मग करावे काय? आम्ही रिकामा नकार देत नाही. पालकांनी महागडा संच मागवण्याऐवजी घरातल्या एका वस्तूपासून आरंभ करावा. बल्लारपुरात ती वस्तू कागद आहे. आपल्या जंगलातील बांबूचा येथे कागद होत आला, हे मुलाला ठाऊकच असते. तेथून मागे जावे. कागद चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी तयार होऊ लागला. आठव्या शतकात तो समरकंद-बगदादला आला. बाराव्या शतकापर्यंत अरबांकडून स्पेनमध्ये पोहोचला. कागद आला म्हणून गुटेनबर्गचे बायबल स्वस्तात छापता आले. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात येशूसंघीयांनी चालू केला. तेथून फादर स्टीफन्स, तेथून १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल, तेथून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल'. आणि मग परत जंगलात यावे : गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. चीन, बगदाद, स्पेन, गोवा, मेंढा! एका कागदाच्या पानाने जग फिरून आणले, आणि या प्रवासात चिनी, मुसलमान, ख्रिस्ती, आदिवासी, सर्वांचे ऋण मुलाने मोजले. कोळशाची गोष्ट अशीच सांगता येते, सागवानाची, आगगाडीची; १९२९ साली काझीपेठ-बल्लारशाह मार्ग जोडला गेला तेव्हा दिल्ली आणि मद्रास थेट जोडली गेली.

तरीही कोणास पुस्तक घ्यायचेच असेल तर घ्यावे. मात्र पैसे देण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत. पृथ्वीचे वय ते खरे सांगते काय? १४९८ पूर्वीचे भारतातील ख्रिस्ती त्यात आहेत काय? ख्रिस्तसभेच्या चुका त्यात कबूल केल्या आहेत काय? आणि आपल्या शेजाऱ्याचे मूल बाजूला बसलेले असताना ते मोठ्याने वाचता येईल काय? या चौथ्या प्रश्नावर जे पुस्तक नापास होते, ते बाकी कितीही सुंदर असो, ख्रिस्ती नव्हे. 'शेजाऱ्यावर प्रीती करा' या आज्ञेला इतिहासाच्या तासाची सूट दिलेली नाही.

धर्मग्रामांनाही आमचे एक सांगणे आहे. मंदिराच्या सभागृहात एक लांब कागद लावावा, त्यावर काळाची रेघ ओढावी आणि प्रत्येक कुटुंबाने आपली एक नोंद आणून द्यावी : आजोबा कोणत्या साली केरळहून आले, कोणत्या खाणीत लागले, कोणत्या पाड्यात प्रथम मिस्सा झाली, जंगलातले कोणते गाव कधी उठले. त्या रेघेवर येशूचा जन्म असेल, शिआनचा शिलालेख असेल, १५९९ असेल, शेडमाक्यांची फाशी असेल आणि एखाद्या आजीचे लग्नही असेल. खर्च काही नाही. लागतो तो वेळ, आणि खरे बोलण्याची तयारी. एवढी तयारी आपली नसेल, तर समुद्रापलीकडून आलेला कोणताही संच आपल्या लेकरांना इतिहास शिकवू शकणार नाही. आणि असेल, तर त्याची गरजच पडणार नाही.